तल्हचा धूर

बुधवारी सकाळी बतूलने न्हाणीशेजारच्या खड्ड्यावरचं पत्र्याचं झाकण काढलं आणि आतला चार वर्षांचा कचरा हातानेच उपसायला घेतला. पालापाचोळा, कोंबडीची पिसं, एक तुटकी चप्पल, काय काय निघालं. रौदा ओसरीच्या खांबाला टेकून बघत होती. तिला मनातून आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. कॉलेजात जाणारी लेक घरात असताना या वयात असलं काही वाटावं म्हणजे काय!

"चार वर्षांत या खड्ड्याला विस्तव दिसला नाही," बतूल म्हणाली. "तुझं नि माझं नशीब एकाच हाताने लिहिलेलं दिसतंय, रौदा. फरक इतकाच, माझ्याने मला सोडलं आणि तुझा पैसे पाठवतो."

"वन्सं, सकाळी सकाळी कशाला ते?"

"मग काय, खोटं बोलते का मी?"

खोटं नव्हतं. वद मदनी गावात नवरा घरी नसलेली बाई धुराला, म्हणजे धुमसत्या खड्ड्यावर उघड्या अंगाने, बसत नाही. बसली तर तल्हच्या लाकडाचा वास अंगात असा मुरतो की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं, आणि मग लोक विचारतात, हिने हे कुणासाठी केलं? पण नवरा यायचा असला की बसायलाच हवं. नाही बसली तर तिला नवऱ्याची ओढच नाही असं बोलायला चार तोंडं तयार असतात. बाबिकर उद्या संध्याकाळी जेद्दाहून येणार होता, म्हणजे खड्डा आजच पेटायला हवा होता.

तसाबीह दप्तर खांद्याला लावून खोलीतून बाहेर आली, खड्डा बघितला आणि जागीच थांबली.

"आई, तू धुराला बसणार नाहीयेस."

"अगं, तुझे बाबा येताहेत..."

"माहितीये मला. सात महिने मी तुझ्या तोंडाला मलम लावतेय ते काय गंमत म्हणून? ऊन नको आणि ऊबही नको, हे किती वेळा सांगितलं? किसऱ्याच्या पातळ भाकऱ्या भाजायला तुला चुलीपाशी बसू देत नाही ते कशासाठी?"

"ते मला विचार कशासाठी!" बतूल खड्ड्यातून म्हणाली. "सात महिने तव्यापाशी मी बसतेय. तुझ्या आईचं तोंड उजळलं आणि माझं भाजून निघालं. माझ्या वांगाचं कुणाला पडलंय? बघायलाच कोण आहे म्हणा."

बतूलच्या गालावर खरंच काळे डाग होते, आणि त्यांच्याकडे आजवर घरात कुणी नीट पाहिलंही नव्हतं.

रौदाचे वांग मात्र सगळ्यांना ठाऊक होते. बाबिकर गेला तेव्हा तिला दिवस होते. त्या बाळंतपणात दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उठले. मूल राहिलं नाही, डाग राहिले. बाबिकरने ते मूलही पाहिलं नाही आणि ते डागही. तो व्हिडिओवर फोन करायचा तेव्हा रौदा दिव्याकडे पाठ करून बसायची, म्हणजे तोंड अंधारात राहायचं. तरी बोलता बोलता तो अचानक म्हणायचा, "बरं, ठेवतो," आणि फोन बंद. दोन वाक्यं होतात न होतात तोच बंद. रौदाने त्याचा अर्थ मनाशी लावून टाकला होता. मग तिने बाजारात अत्तरवाल्याकडून ते बिननावाचं मिसळलेलं मलम आणलं. महिनाभर तोंड पिठासारखं पांढरं झालं, मग लालबुंद, मग आधीपेक्षा काळं. तसाबीहने ती डबी नाल्यात फेकली. औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती पोर, पण बोलायची डॉक्टरणीसारखी.

त्यानंतर तिने आईचं तोंड आपल्या हातात घेतलं. सकाळी नायासिनमाइडचं पातळ औषध, त्यावर उन्हाचं मलम, घराबाहेर पडायचं नसलं तरी. संध्याकाळच्या नमाजानंतर ॲझेलाइक ॲसिडचं मलम, वाटाण्याएवढं, डोळ्यांपासून लांब. पहिले दोन महिने काहीच झालं नाही, नुसती चुणचुण. तिसऱ्या महिन्यात ओठावरचा डाग फिका पडला. आता गालांवरचे राहिले होते तेही नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हते. औषधाचा गुण आला हे खरंच, पण रौदाला त्या मलमाची ओढ लागली होती ती वेगळ्याच कारणाने. दिवसभरात तिच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. तसाबीहची बोटं गालांवरून फिरायची आणि रौदा डोळे मिटून बसायची. मलम जिरलं तरी म्हणायची, "इथे राहिलं बघ."

"काय गोंधळ चाललाय?" हाजा मस्तूरा काठी टेकत आली. ही बाबिकरची आणि बतूलची आई. तिच्या सासऱ्याने कापसाच्या पैशावर बांधलेल्या या घरात शेवटचा शब्द अजून तिचाच होता.

"हबूबा, तूच सांग तिला," तसाबीह आजीला म्हणाली. "धुराच्या उबेने डाग परत येतील."

"माझा मुलगा चार वर्षांनी घरी येतोय, आणि त्याच्या बायकोच्या अंगाला काय औषधाच्या दुकानाचा वास यावा? बसेल ती."

"मग निदान तोंड बाहेर ठेव, आई. ओला फडका ठेव तोंडावर. आणि आज ते ॲसिड अजिबात लावू नकोस. ऐकतेयस ना? मला परीक्षा आहे, नाहीतर मीच बसले असते इथे राखण करत."

"ऐकतेय गं बाई," रौदा म्हणाली. पण तोंडाला चुणचुण सुटली होती. लवकर गुण यावा म्हणून तिने पहाटेच चोरून मलम लावलं होतं. नेहमीच्या दुप्पट.

दुपारी खड्ड्यात तल्हची लाकडं धुमसायला लागली. बतूलने रौदाच्या अंगाला तेल चोळलं, खड्ड्यावर भोक असलेली चटई टाकली, तिला वर बसवलं आणि भोवती लोकरीची जाड शामला गळ्यापर्यंत लपेटली. धूर खालून चढू लागला. रौदाच्या मांड्यांवरून, पोटावरून घामाच्या धारा लागल्या. तोंड तेवढं बाहेर, फडक्याखाली.

बतूल समोर पाटावर बसून लाकूड सारत होती. मध्येच तिने शामलेची कड उचलून आत पाहिलं.

"काय रंग चढतोय गं! हळद लावलेल्या नवरीसारखा." मग फडका बाजूला करून तिने रौदाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ मुरडले. "हे मात्र काही खरं नाही."

"काय झालं?"

"अंग सोन्याचं आणि तोंड पिठाचं. पोरीच्या औषधाने फिकं पडलंय ना ते. उद्या टोब नेसलीस की आतून दोन बायका दिसतील, मानेच्या वर एक आणि खाली एक."

"काय बोलता वन्सं!"

"आरसा आणू?"

तिने आरसा आणलाही. बतूल दुष्टपणाने बोलत नव्हती, हे इथेच सांगायला हवं. अकरा वर्षं तिला या खड्ड्यावर बसायचा हक्क नव्हता. दुसरीला बसवताना तरी सगळं यथासांग व्हावं एवढंच तिला वाटत होतं. रौदाने आरशात पाहिलं. मानेवर जिथे शामला लागत होती तिथे खरंच रेघ दिसत होती. वर फिकट, चट्टेरी तोंड, खाली पिवळं तेजाळ अंग. हा माणूस पंचेचाळीस दिवसांच्या रजेवर येतोय. पंचेचाळीस दिवसांत त्याला असं वाटायला हवं की परत जाऊ नये. दुसरं काही नको होतं तिला. सोनं नको, नवी खोली नको. तो राहायला हवा होता, आणि त्याला ठेवून घ्यायला तिच्यापाशी या अंगाशिवाय होतं काय?

तिने फडका काढून बतूलच्या हातात दिला आणि शामला डोक्यावरून ओढून घेतली.

आत मिट्ट काळोख होता. धूर नाकातोंडात गेला, डोळ्यांतून पाणी आलं, गाल भाजायला लागले. पण रौदा उठली नाही. चारी बाजूंनी ऊब अंगाला बिलगली होती. एवढ्या वर्षांत कुणी असं धरलं नव्हतं. ती आत हुंदके देऊन रडली. बाहेर बतूलला वाटलं, धुराने खोकतेय.

गुरुवारी सकाळी रौदाचं तोंड सुजलं होतं. दुपारपर्यंत सूज उतरली आणि गालांवर, कपाळावर, ओठावर जिथे जिथे डाग होते तिथे तिथे ते परत आले, करपलेल्या किसऱ्याच्या रंगाचे. तसाबीह कॉलेजातून आली, दारातच उभी राहिली. रौदाला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरीने दप्तर खाली ठेवलं, गार पाण्यात फडकं भिजवलं, आईच्या गालांवर ठेवलं.

"आता काय लावायचं गं?" रौदाने विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"कातडी शांत होईपर्यंत काहीही लावायचं नाही. नुसतं थांबायचं." फडकं पुन्हा भिजवत ती म्हणाली, "मलम पहाटे लावलं होतंस ना? वास येत होता. माझ्या लक्षात आलं होतं गं. मी पेपरच्या घाईत गेले."

बतूल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी उगाचच जोरजोरात घासू लागली.

बाबिकर दिवस मावळता आला. समोरच्या घरात राहणारा धाकटा भाऊ तैफूर त्याला बसवरून घेऊन आला होता. रौदाने नारिंगी टोब नेसला होता, पदर गालांवरून ओढला होता, आणि ती दाराच्या आत भिंतीला चिकटून उभी होती. आधी हाजा मस्तूराने त्याला कवटाळलं, मग बतूलने, मग तसाबीह त्याच्या गळ्यात पडली. तो वाळला होता. सदरा खांद्यावर लोंबत होता. मग त्याने सगळ्यांच्या डोक्यांवरून रौदाकडे पाहिलं आणि हसला. ते हसू तेच होतं. तो तिच्याकडे चालत आला.

"रौदा," तो म्हणाला, "कशी..."

पुढचा शब्द फुटला नाही. तो खोकला. तोंड वळवून पुन्हा खोकला, मग थांबेचना. एक हात भिंतीला लावून तो वाकला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ निळसर पडले. रौदा त्याला धरायला पुढे झाली तशी त्याने दुसरा हात पुढे करून तिला लांब ढकललं. तिच्या छातीवर हात ठेवून, जोराने. खिशातून फवाऱ्याची नळी काढून तोंडात धरली आणि तो दारातून गल्लीत गेला, गल्लीतून समोरच्या घरात.

रौदाच्या छातीवर जिथे त्याचा हात लागला होता ती जागा तिला वेगळी जाणवत होती. चार वर्षांनी लागलेला हात, तो ढकलायला.

"धूर," तसाबीह हळूच म्हणाली. "बाबांना धूर सोसत नाही."

हाजा मस्तूरा पलीकडे जाऊन आली ती ओठ आवळूनच. "दमा आहे म्हणे. बरेच दिवस आहे. आपल्याला पत्ता नाही लागू दिला," ती म्हणाली. "तैफूरकडेच झोपेल तो. आणि ऐका सगळ्या. उंबऱ्याबाहेर एक अक्षर जाता कामा नये. बापाला दमा आहे म्हटलं की या पोरीला स्थळ येणार नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, प्रवासाने थकलाय."

"स्थळाला आग लागो," तसाबीह म्हणाली.

"तुला कुणी विचारलं नाही."

रौदा दाराशी गेली. गल्ली ती केवढी, दोन गाढवगाड्या शेजारून जातील एवढी. समोर तैफूरच्या दारात दोऱ्यांच्या खाटेवर बाबिकर गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता.

"बरं वाटतंय का आता?" तिने इकडूनच विचारलं.

"वाटतंय. वाईट वाटून घेऊ नकोस गं."

ती दोन पावलं पुढे झाली. त्याने हात वर केला. "थांब. वारा तुझ्याकडून येतोय. जरा मागे हो ना."

ती मागे झाली.

"संगमरवर कापायच्या कामाला होतो ना, त्याची पूड," तो म्हणाला. "दोन वर्षांपासून आहे हे. बोलायला लागलं की यायचा खोकला, मग फोन बंद करायचो. तुम्हा लोकांना उगाच घोर नको."

"त्याच्यासाठी बंद करायचात?"

"मग कशासाठी? तुला काय वाटलं?"

रौदाने पदराचं टोक मुठीत धरलं. "मला वाटायचं, माझं तोंड बघवत नाही तुम्हाला. डाग आले होते. अजून आहेत. आज जास्तच आहेत."

"डाग? कुठे?" तो खाटेवरून पुढे वाकला, डोळे बारीक करून बघू लागला. पण उजेड गेला होता. "इथून नाही दिसत गं काही," तो म्हणाला.

गल्लीतून एक सायकलवाला गेला. तो लांब गेल्यावर बाबिकरने आवाज खाली आणला.

"मी परत जाणार नाहीये, रौदा. आईला अजून सांगितलं नाही. तपासणीत नापास झालो, तिथे राहायचा कागद मिळाला नाही. कायमचाच आलोय."

हेच तर मागितलं होतं तिने. हेच, एवढंच. नमाजाच्या चटईवर कपाळ टेकून रोज मागितलं होतं. आणि आता ते तिला मिळालं होतं, पण त्यात तिचा काही वाटा नव्हता. तिचं तोंड, तिचं अंग, सात महिन्यांचं मलम, भाजून घेतलेले गाल, यांतलं काही नसतं तरी तो आलाच असता.

"किती दिवस राहतो गं हा वास?" त्याने विचारलं.

"महिनाभर तरी," ती म्हणाली. "कधी जास्त."

"एवढा?"

"मुरतो ना."

ती आत आली तशी बतूल साबण आणि काथ्या घेऊन नळापाशी उभी होती. "चल, बस इथे. घासून काढू. मीच बसवलं तुला, मीच काढते." तिने रौदाचा हात धरून खाली बसवलं आणि दंड घासायला घेतला. पाणी पिवळं होऊन वाहत होतं, वास मात्र होता तिथेच होता. कातडी लाल झाली. तसाबीहने येऊन काथ्या काढून घेतला.

"आत्या, पुरे. जिथे जिथे सोलाल तिथे तिथे काळं पडेल."

"पडू दे गं," रौदा म्हणाली.

"नाही पडू द्यायचं." तसाबीह खाली बसली आणि तिने आईच्या दंडावर गार पाणी ओतलं. बतूल ओल्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. "मला काय ठाऊक गं," ती म्हणत होती. "तुझं तरी चांगलं व्हावं असं वाटलं." रौदाने तिला जवळ ओढलं. एवढ्या वर्षांत या दोघी एकमेकींच्या अशा जवळ कधी बसल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळीच शेजारणी आल्या. त्या येणारच होत्या. इखलास सगळ्यांच्या पुढे, दारातूनच जिभेने आनंदाचा उलुलु काढत.

"अगं रौदा, गल्लीच्या तोंडापासून वास येतोय! माझ्या म्हाताऱ्याने विचारलं, कुणाचं लग्न आहे?"

बायका खो खो हसल्या. ओसरीत चटया पडल्या, बतूलने कॉफी भाजायला घेतली. रौदा पदर गालांवर ओढून मध्ये बसली होती.

"हिचं तोंड बघा, पदरच खाली येत नाही," इखलास म्हणाली. "नवरीसारखी लाजतेय. आणि बाबिकर कुठाय? अजून उठला नाही वाटतं? झोपेल बाई, झोपेल! चार वर्षांचं जागरण आहे!"

पुन्हा हसू. हाजा मस्तूरा म्हणाली, "थकलाय. प्रवास का थोडा आहे?"

"प्रवासाने की घरी आल्याने?" कुणीतरी म्हणालं, आणि एकीने रौदाच्या मांडीवर थाप मारली. रौदाही हसली. हसावंच लागतं. "आता काय, मज्जा आहे तुझी," ती थाप मारणारी म्हणाली, आणि रौदा म्हणाली, "हो ना." तिला एकदम असं झालं की या सगळ्या आपल्याकडे बघताहेत आणि एकीलाही आपण दिसत नाही.

तेवढ्यात पलीकडून खोकला आला. कोरडा, लांब, शेवटी शिट्टीसारखा ओढलेला. खोकला चालूच राहिला.

"अगं बाई," इखलासने कप खाली ठेवला. "तैफूरकडे कोण खोकतंय एवढं?"

"पाहुणा आहे त्याचा," हाजा मस्तूरा चटकन म्हणाली. "कामावरचा. बतूल, कॉफी दे ना सगळ्यांना."

बतूल उठली नाही. ती रौदाकडे बघत होती. रौदाने सासूकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या तसाबीहकडे. पोरीने होकाराची मान हलवली, अगदी थोडी. रौदाने पदर खाली घेतला. सकाळचा स्वच्छ उजेड तिच्या तोंडावर पडला, आणि गाल, कपाळ, ओठ, सगळं सगळ्यांना दिसलं.

"पाहुणा नाही," ती म्हणाली. "माझा नवरा आहे तो. आजारी आहे, आणि कायमचा आलाय. त्याला माझ्या अंगाचा वास सोसत नाही, म्हणून तिकडे झोपतो."

पलीकडे खोकला पुन्हा सुरू झाला.